शंभरपैकी गाव

खोली मिळवायला लोक ओळखी काढतात, वडिलांना बरोबर आणतात, देवाला नारळ बोलतात. मला कराडच्या विद्यानगरात खोली मिळाली ती नागामुळे.

दारात एक बुटके, रुंद गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी विजार आणि खिशाला एकच पेन, तेही लाल. पेन गळून गळून खिशाच्या तळाशी एवढा मोठा लाल डाग पडला होता की नवखा माणूस आधी डॉक्टरांचा पत्ता विचारायचा आणि मग खोलीचं. माझ्या एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात बादली.

"गाव कुठलं रं?"

"शिराळा."

"तुमच्या गावावर भायेरच्यानं लिवलेलं काय वाचलंयस?"

असा प्रश्न विचारून खोली देणारा घरमालक सातारा-सांगलीत दुसरा नसेल. पण माझ्या नशिबानं मला उत्तर येत होतं. मी सांगितलं, एका मोठ्या शहरातल्या मासिकात आलं होतं की शिराळ्याची पोरं गळ्यात नाग घालून शाळेत जातात.

"मग?"

"मी दहा वर्षं शाळेत गेलो. गळ्यात वॉटरबॅग होती."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं आणि घरात हाक दिली, "अगं, ह्याला वरची खिडकीची खोली दे."

हे आमचे अण्णा. मूळचे सांगलीकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले, नोकरीपायी कराडला आले ते इथलेच झाले. तीस वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात होते. उत्तरपत्रिका मोजायच्या, सुतळीनं बांधायच्या, लाखेनं सील करायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखालून इतका कागद गेला की तो सलग अंथरला असता तर कराडहून निघून पार चंद्राला वळसा घालून शेजारच्या मलकापूरला परत आला असता. पण त्यातली एक ओळ वाचायची त्यांना परवानगी नव्हती. एक मार्क द्यायचा अधिकार नव्हता. तीस वर्षं मिठाईच्या दुकानात काम करून एकही पेढा तोंडात न घातलेल्या माणसासारखी त्यांची गत होती.

रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी लाल पेन विकत घेतलं.

तपासायचं काय, हा प्रश्न होता. तो एका रविवारच्या पुरवणीनं सोडवला. कुणीतरी लिहिलं होतं, 'कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या या निवांत विद्यानगरीत वेळ जणू थांबला आहे.' अण्णा तो लेख हातात घेऊन सकाळी दहा वाजता, म्हणजे कॉलेज भरायच्या वेळेला, रस्त्याच्या मधोमध वेळ बघत उभे राहिले. पाचव्या मिनिटाला लंगडत परत आले. म्हणाले, "थांबलेल्या वेळानं माझ्या पायावरनं स्कूटर घातली." आणि लेखकाला शंभरपैकी नऊ दिले.

तेव्हापासून बाहेरच्या कुणीही आमच्या गावावर लिहिलेला मजकूर अण्णांच्या हातून तपासला गेल्याशिवाय सुटला नाही. लेख कात्रणात असो, मोबाईलवर असो, नाहीतर व्हिडिओत असो. व्हिडिओ आम्ही पोरांनी ऐकून कागदावर उतरवून द्यायचा, समास सोडून. मग अण्णा खिडकीशी बसायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता, तोच नेम तपासणीला. सूर्य बुडाला की ना घास ना मार्क. तपासलेला पेपर गुणपत्रिकेसह लेखकाला रजिस्टर पोस्टानं जायचा, पोचपावतीसकट. एक लेख तर इतका लाल झाला होता की पोस्टातल्या साहेबांनी लग्नपत्रिका समजून विचारलं, अण्णा, मुहूर्त कितीचा?

पासाला पस्तीस. आजवर कुणी पास झालं नव्हतं.

माझी समजूत होती की गावाला नावं ठेवणाऱ्यांना ते झोडपत असतील. उलटंच होतं. शिव्या देणाऱ्याला अण्णा वीसपर्यंत द्यायचे. "त्यो निदान एसटीतनं उतरला तरी आसंल." कौतुक करणाऱ्याचं मात्र काही खरं नसायचं. 'साधीभोळी माणसं' असं लिहिलं की सरळ दहा मार्क वजा. "आपल्या गल्लीत भोळा माणूस दाखव, त्येला माझी खोली कायमची फुकट." तीन वर्षांत आम्हाला एकही दाखवता आला नाही. एकानं इथल्या काळ्याभोर रानाला 'लाल मातीचा सुगंध' दिला, त्याला शून्य. ड्रोन उडवणाऱ्या एका पोरानं गावाला 'हिडन जेम' म्हटलं, त्याचा अर्थ आम्ही सांगितल्यावर अण्णांनी समासात लिहिलं, 'हायवेवर चार फुटी पाटी आहे. लपलं कुठं?' आणि एका इंग्रजी मार्गदर्शिकेत होतं की या गावात प्रवाशाला अडकवून ठेवण्यासारखं काही नाही. अण्णा म्हणाले, "आमी काय पोलीस हाय व्हय?"

पण सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे संगमावर मन शांत होणं. प्रत्येक लेखकाचं तिथं मन शांत व्हायचंच. अण्णा ते वाक्य गोल करायचे आणि म्हणायचे, "ज्येचं मन शांत झालं त्यो गावात कुणाशी बोललाच न्हाई. बोलला आसता तर झालं नसतं."

त्यांच्या अभ्यासक्रमात एकच अनिवार्य प्रश्न होता. झेरॉक्सचं दुकान. सबमिशनच्या आठवड्यात, म्हणजे वर्षभराचं काम पोरं दोन दिवसांत उतरवून काढतात तेव्हा, विद्यानगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात जी गर्दी होते ती ज्यानं पाहिली नाही त्यानं हे गाव पाहिलं नाही, असा अण्णांचा ठाम सिद्धांत. आजवरच्या एकाही पेपरात झेरॉक्सचं दुकान आलं नव्हतं. संगम मात्र सगळ्यांनी सोडवला होता.

मी तिसऱ्या वर्षाला असताना पुण्याच्या एका बाईंचा पेपर आला. प्रवासावर लिहिणाऱ्या, नाव असलेल्या. त्यांनी लिहिलं होतं, 'कराडला थांबावं, संगम बघावा, चहा घ्यावा आणि पुढं निघावं. नदीपलीकडं कॉलेजांची वस्ती आहे, तिथं बघण्यासारखं काही नाही.' अण्णांनी अकरा दिले. त्यातले पाच चांगल्या अक्षराचे, लेख छापील असूनही.

आणि आक्रीत घडलं. बाईंचं उत्तर आलं. आजवर कुणी पोचपावतीपलीकडं काही पाठवलं नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं, 'गुणपत्रिका मिळाली. मला पुनर्परीक्षेला बसायचं आहे. मी येते, तुम्ही गाव दाखवा. चुकले असेन तर नवा लेख लिहीन. पण गाव मी लिहिलं तसंच निघालं तर?'

अण्णा ते पत्र वाचत बसले ते दिवस कधी मावळला कळलंच नाही, आणि त्या दिवशी उपाशीच झोपले. सकाळी उत्तर लिहिलं, आम्हाला वाचून दाखवलं. 'गाव तसंच निघालं तर माझं लाल पेन तुमच्या हाती देईन आणि पुन्हा कुणाचा पेपर तपासणार नाही.' खाली सहा आठवड्यांनंतरची तारीख, सबमिशनच्या ऐन आठवड्यातली. आणि तळाला, तीस वर्षांच्या सवयीनं, अधोरेखित ओळ: 'परीक्षेची तारीख कोणत्याही कारणास्तव बदलली जाणार नाही.'

काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, दाराआड उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, पेनाशिवाय तुमी दिवसभर घरात काय करनार? माझ्या चुली तपासनार?"

"ती येळ येनार न्हाई," अण्णा म्हणाले.

ती वेळ दारामागच्या कॅलेंडरातून आली. अण्णांनी तारीख काढली होती ती तिथं टांगलेल्या कॅलेंडरवर सबमिशनच्या आठवड्याला मारलेला लाल गोल बघून, आणि ते कॅलेंडर होतं गेल्या सालचं. वर देवाचं चित्र चांगलं होतं म्हणून काकूंनी उतरवलं नव्हतं. यंदा सगळं वेळापत्रक महिनाभर अलीकडं सरकलेलं. सबमिशन झालं, परीक्षा झाली, आणि पोरं वळकट्या घेऊन निरोपाला दारात उभी राहिली तेव्हा अण्णांच्या डोक्यात उजेड पडला.

"तीस वर्सं परीक्षा विभागात होता," काकू म्हणाल्या, "आन परीक्षा संपलेली कळली न्हाई."

कॉलेजच्या गावाला सुट्टी लागली की ते गाव राहतच नाही. मेसला कुलूप, झेरॉक्सला कुलूप, चहावाला सासुरवाडीला. ज्या रस्त्यावर स्कूटर पायावरून जाते त्या रस्त्यावर कुत्री आडवी झोपतात, आणि तीही कूस बदलायला दुपारची वाट बघतात. त्या बाई ठरल्या तारखेला आल्या तर त्यांना अकराचे शंभर द्यावे लागणार होते. मी म्हणालो, "अण्णा, तारीख पुढं ढकला की."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पेपर फोडायला सांगितलं. "खाली काय लिवलंय त्ये वाचलं न्हाईस?"

आम्ही गावी गेलो. दहा दिवस झाले. आणि एका दुपारी शिराळ्याला फोन आला. अण्णा फोनवर कधी जास्त बोलत नसत. एवढंच म्हणाले, "गड्या, परवा गावाचा पेपर हाय. हजर ऱ्हा."

आदल्या दिवशी सांजेला मी पोचलो तर माझ्याआधी सतरा जण आलेले. उंब्रजचा, इस्लामपूरचे दोघं, विट्याचे. शेवटी बिरू आला, जतकडून. बिरूच्या घरी मेंढरं, सुट्टीत तोच राखायचा. ती चुलत्याच्या गळ्यात टाकून, तीन एसट्या बदलून आला होता. असे एकोणीस. अण्णांनी झेरॉक्सवाल्याला घरून उठवून आणला, चहावाल्याला सासुरवाडीहून. बेत सोपा होता. अण्णा बाईंना घेऊन रस्त्यानं चालणार, आणि आम्ही एकोणीस जण मागच्या बोळातून पळत त्यांच्यापुढं जाऊन प्रत्येक ठिकाणी गर्दी करणार, शर्टांची अदलाबदल करून. मी त्या दिवशी चार वेगवेगळे विद्यार्थी होतो. त्यातल्या दोघांचा अभ्यास माझ्यापेक्षा चांगला होता.

बाई दहाला आल्या. पिकलेले, कापलेले केस, पाठीला सॅक, पायात बूट. अण्णांनी नमस्कार केला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चला, पयला प्रश्न अनिवार्य हाय."

झेरॉक्सच्या दुकानात आम्ही अशी झोंबाझोंबी केली की खऱ्या सबमिशनलाही कधी केली नव्हती. अडचण एकच होती, झेरॉक्स काढायला कुणाकडं कागद नव्हता. बिरूच्या खिशात होता तो त्यानं दिला आणि "चाळीस कॉप्या, लवकर" म्हणून ओरडला. एक प्रत उडून बाईंच्या पायाशी पडली. त्यांनी चष्मा लावून वाचली. मेंढ्यांच्या लसीकरणाचा तक्ता होता.

"तुम्ही कुठल्या शाखेला?"

"सिव्हिल, मॅडम."

"सिव्हिलला हे असतं?"

"इलेक्टिव्ह हाय," बिरू म्हणाला.

अण्णांनी खिशातलं पेन उगाच चाचपलं. आम्ही बोळातून चहाच्या टपरीवर. शर्ट बदलले. पण बिरू सहा फूट तीन इंच आहे, आणि शर्ट बदलून उंची कमी होत नाही. बाई टपरीवर आल्या, त्याच्याकडं मान वर करून बघत म्हणाल्या, "तुमचे भाऊ आत्ताच भेटले झेरॉक्सच्या दुकानात."

"व्हय. जुळं हाय आमी."

तिसरं ठिकाण अभ्यासिकेच्या पायऱ्या. आम्ही धापा टाकत पुस्तकं उघडून बसलो, माझं उलटं होतं. बाई आल्या, थेट बिरूपुढं उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तिसरे?"

बिरूनं पुस्तक मिटलं. "न्हाई मॅडम. आता मीच हाय."

कुणी हसलं नाही. बाईंनी अण्णांकडं वळून विचारलं, "सुट्टी लागलीय ना?"

खोटं बोलायला अजून जागा होती. बिरूनं सिव्हिलमध्ये मेंढरं घातली होती तिथं अण्णांनी आणखी काही घातलं असतं तर चाललं असतं. पण तीस वर्षांत ज्या माणसानं लाखेचं एक सील वाकडं लावलं नव्हतं, तो म्हणाला, "लागलीय. बारा दिस झालं. तारीख माझी चुकली." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि बाईंच्या पुढच्या पायरीवर ठेवलं. "गाव आज तुमी लिवलं तसंच हाय. बगन्यासारखं काय न्हाई. ठरल्यापरमानं घ्या."

खिशावर नुसता डाग राहिला. मी त्यांना पेनाशिवाय पहिल्यांदाच बघत होतो. ते एकदम कुणीही म्हातारे दिसायला लागले.

बाईंनी पेनाकडं बघितलं, मग आमच्याकडं. "ही एवढी मुलं सुट्टीत इथं कशी?"

"अण्णांनी फोन केला," बिरू म्हणाला.

"काय सांगितलं?"

"गावाचा पेपर हाय म्हनलं."

"म्हणून जतहून आलात?"

बिरूला प्रश्नच कळला नाही. "मग? पेपर चुकवायचा?"

बाईंनी घड्याळ बघितलं. "पेपर तीन तासांचा असतो ना? अजून वेळ आहे माझा. तोवर ते पेन तुमच्याकडंच ठेवा. परीक्षकाशिवाय पेपर कसा चालेल?"

नियम नियम होता. अण्णांनी पेन उचललं.

उरलेला पेपर काकूंच्या स्वयंपाकघरात झाला. मेस बंद, त्यामुळं एकोणीस पोरांचं जेवण काकूंच्या अंगावर, आणि काकूंनी ते आमच्या अंगावर टाकलेलं. कुणी शेंगदाणे कुटतंय, कुणी आमटी ढवळतंय, बिरू काकूंपेक्षा झरझर भाकरी थापतोय. बाईंनीही एक थापली. ती बघून काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई, हिला ह्ये आठ मार्क देतील."

जेवताना बाईंनी सहज विचारलं, अण्णांनी खोली देताना तुम्हाला काय विचारलं? आणि मग बांध फुटला. एकोणीस पोरं, एकोणीस गावं, आणि प्रत्येकावर बाहेरच्या कुणीतरी काहीतरी लिहिलेलं. मी नाग सांगितले. बिरू म्हणाला, "आमच्याकडली मान्सं घोटभर पान्यात आंगूळ करत्यात आसं लिवलंय. घोटभर पानी आसलं तर आमी पिऊ, का आंगूळ करत बसू?" इस्लामपूरचा आणि विट्याचा कुणाच्या गावाला जास्त चुकीचं लिहिलं गेलं यावर हातघाईवर आले. बाई वही बाजूला ठेवून नुसत्या ऐकत होत्या. तीनची एसटी गेली, चारची गेली. पाचच्या एसटीला अण्णांनी त्यांना बसवलं, कारण दिवस मावळल्यावर त्यांना स्वतःला जेवायचं नव्हतं.

महिन्यानं लेख आला. काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. चुकलेली तारीख, जुळा बिरू, लसीकरणाची इलेक्टिव्ह, पायरीवर ठेवलेलं पेन. आम्ही वाचून लोळलो आणि मग गप्प झालो, कारण प्रश्न हा होता की अण्णा काय करतील. सगळ्या पुण्यासमोर त्यांची फजिती छापून आली होती, आणि त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

अण्णांनी लेख घेतला, वरून खाली नजर टाकली, आत गेले, पुठ्ठा आणला. लेखाचा बराचसा भाग पुठ्ठ्यानं झाकला आणि उरलेला तपासला. पंधरा मिनिटांत काम संपलं. निकाल मात्र सांगेनात.

"पंचेचाळीस दिसांनी," म्हणाले.

"आवं, तपासून झालाय की," काकू म्हणाल्या.

"लवकर लावलेल्या निकालावर लोकांचा इस्वास बसत न्हाई."

पंचेचाळीस दिवस विद्यानगराचा जीव टांगणीला. झेरॉक्सवाला रोज विचारायचा. पोस्टातले साहेब तर ड्यूटी सोडून दारात येऊन जायचे. शेहेचाळिसाव्या सकाळी फाटकावर कागद लागला. परीक्षार्थी एक. मिळालेले गुण चौतीस. ग्रेस एक. एकूण पस्तीस. शेरा: पास.

झेरॉक्सवाल्यानं त्या कागदाच्या शंभर प्रती फुकट काढल्या. चहावाल्यानं टपरीवर पेढे ठेवले. दोन दिवस घरी गेलेल्या बिरूला फोन केला तर तो रानातून ओरडला, आणि त्याच्या मागं चाळीस मेंढरं ओरडली.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. गुणपत्रिका पोचली होती. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांच्या मते निकालावरची हरकत उघड्यावर ऐकायची असते.

"अण्णा, पास केलंत, आभारी आहे. पण नऊ परिच्छेदांपैकी पाच तुम्ही तपासलेच नाहीत. नुसती आडवी रेघ मारून सोडलेत. तेच तर मी जीव ओतून लिहिले होते."

"त्या पाचात मी हाय, घर हाय, पोरं हायती."

"म्हणून काय झालं?"

"नियम हाय बाई. परीक्षकानं नात्यातल्या मान्साचा पेपर तपासायचा नसतो. परीक्षा विभागात पयल्या दिवशी लिवून घेत्यात."

"पण मी कुठं तुमच्या नात्यातली?"

अण्णांनी पेन खिशातून काढलं, टोपण लावलं, परत खिशाला अडकवलं.

"तवा तुमी नव्हता. त्ये पाच लिवल्यापास्नं हाय. म्हनून तर पुढचा पेपर मला तपासता याचा न्हाई, दुसरा परीक्षक बगा."

काकूंनी हात पुसून फोन ओढून घेतला.

"बाई, त्यांचं सोडा. यंदा सबमिशनला जेवायला या. तारीख मी सांगते, ह्यांना इचारू नका."